थायलंडच्या आरोग्यव्यवस्थेतून आपण काय घ्यावे?

प्रश्न: आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांचे संरक्षण असले, तरी ते मुख्यतः रुग्णालयात दाखल झाल्यावरच मिळते, मधुमेहाच्या रोजच्या गोळ्यांचा खर्च सुटत नाही. थायलंडने हे कसे साधले?

प्रतिसाद 1: तेथे 2002 च्या कायद्यानुसार, सरकारी कर्मचारी आणि विमाधारक नोकरदार वगळता उरलेल्या सर्वांचा खर्च करांतून भागवला जातो. बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदणीकृत माणशी ठरावीक रक्कम आगाऊ मिळत असल्याने तपासण्या वाढवून रुग्णालयाला काहीच लाभ होत नाही. (उपचार टाळण्याचा मोह मात्र उरतो.)

प्रतिसाद 2: त्याआधी काही दशके त्यांनी जिल्ह्याजिल्ह्यांत रुग्णालये उभारली होती आणि नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा बंधनकारक केली होती. नुसता विमा उचलून आणणे निरर्थक ठरेल.

प्रतिसाद 3: शिवाय रुग्णाने दर भेटीला द्यायचे, गाजलेले 30 बाहतचे (बाहत हे थायलंडचे चलन) शुल्कही 2006 मध्ये रद्द झाले होते.