मदत हवी आहे: रोमकरांस पत्र, अध्याय 7 कसा शिकवावा?

बायबल अभ्यासाचे चार पाठ तयार करतोय. विषय पाप, कृपा आणि तारणातून मिळणारी मोकळीक. पहिले दोन पाठ जमलेत: 3:23-24 वरून सर्वांचे पाप आणि फुकट मिळणारे नीतिमत्त्व, मग 6:1-14, म्हणजे कृपा वाढावी म्हणून पापात राहायचे का, हा प्रश्न.

अडलंय ते तिसऱ्या पाठात. 7:14 मध्ये या पत्राचा लेखक पौल स्वतःला पापाला विकलेला म्हणतो, आणि 6:18 मध्ये तर विश्वासणारे पापापासून मुक्त झालेले आहेत! हा 'मी' नेमका कोण? 7 ते 13 वचनांत भूतकाळ आहे, 14 पासून वर्तमानकाळ. शिवाय 22 मध्ये त्याला देवाच्या नियमशास्त्राचा आनंद वाटतो. म्हणून तो विश्वासणाराच, असं माझं मत. पण पूर्ण 14-25 मध्ये पवित्र आत्म्याचा उल्लेख नाही, आणि 8:2 मध्ये तोच मुक्त करतो. तो 'मी' विश्वासणारा नाही, असं म्हणणाऱ्या दुसऱ्या बाजूचं हे बळ नाकारता येत नाही. प्राचीन मंडळीतला धर्मशिक्षक ऑगस्टीन यानेही याबद्दलचं आपलं मत नंतर बदललं होतं.

गटात नेहमी दोन चुका होतात. कुणी अध्याय 7 वरच थांबतं आणि पापाला सबब मिळते. कुणी थेट अध्याय 8 वर उडी मारतं, मग झगडणाऱ्याला आपलं तारणच झालं नाही असं वाटू लागतं.

7:14 ते 8:4 एकाच बैठकीत घ्यावं का? आणि चौथ्या पाठात मोकळीकीसाठी पौलाच्याच गलतीकरांस पत्रातलं 5:13 घेऊ, की आधी त्याच पत्रातलं 5:1?