प्रतिसाद: नळावरचा पांढरा थर आणि ॲसिड

नळावरचा पांढरा थर कसा काढायचा, या प्रश्नावर आधीच्या एका प्रतिसादात टॉयलेटचं ॲसिड सुचवलंय, ते कृपया वापरू नका. थर जाईल, पण सोबत क्रोमचा मुलामाही जाईल. आणि चुकून ब्लीचमध्ये मिसळलं तर क्लोरीन वायू सुटतो.

हा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, त्याला सौम्य आम्ल पुरतं. 1 लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड (लिंबूसत्त्व) विरघळवा, जुनं सुती फडकं त्यात भिजवून नळाला गुंडाळा. 20-30 मिनिटं बास. रात्रभर ठेवलं तर क्रोम खराब होऊ शकतं. नंतर साध्या पाण्याने धुऊन पुसून घ्या. धार वाकडी येत असेल तर तोंडाची जाळी काढा (पकडीखाली फडकं धरा, नाहीतर चरे पडतात), याच सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तासभर बुडवून टूथब्रशने घासा. बसवताना रबरी वॉशर विसरलात तर बाजूने गळणारच.

कडप्पा, शहाबादी, कोटा, संगमरवर यांवर मात्र लिंबू किंवा व्हिनेगरसुद्धा नको. दगड स्वतःच चुन्याच्या जातीचे, त्यामुळे डागाबरोबर पॉलिशही खाल्लं जातं. तिथे साबणाचं पाणी आणि मऊ घासणी, एवढंच.

पाण्यात तुरटी फिरवली तर गढूळपणा खाली बसतो, पण जडपणा (ज्या क्षारांमुळे हा थर साचतो ते) जात नाही. आरओ फिल्टरचं वाया जाणारं पाणी तर मूळ पाण्याहून जड, त्याने टाइल्स धुऊ नयेत. गीझर 50-55 अंशांवर ठेवलात तर कॉइलवर थर सावकाश साचतो.