वन पंच मॅनचा फायटिंग गेम घ्यावा का? नेमकं बिनसलं कुठे?

रात्रपाळी_गेमर
मंडळी, एक सल्ला पाहिजे. वन पंच मॅन या जपानी अॅनिमेवरचा फायटिंग गेम, 'अ हीरो नोबडी नोज', त्याची पीएस फोरची सेकंडहँड डिस्क ओळखीतल्या एकाकडे स्वस्तात मिळतेय. धाकटा भाऊ त्यातल्या मेन हीरोचा, सैतामाचा, एवढा फॅन आहे की पहिला सीझन त्याला तोंडपाठ आहे, त्याच्या वाढदिवसाला द्यायचा विचार चाललाय. पण जिथे बघावं तिथे लोकांनी या गेमला नावं ठेवलीयेत. मला नुसतं चांगला की वाईट एवढं नकोय, नेमकं कुठे बिनसलं ते खेळलेल्या कोणीतरी सांगा ना. कारण सैतामा मॅचमध्ये उशिरा येतो आणि तोवर बाकीच्यांनी तग धरायचा, ही आयडिया ट्रेलरमध्ये बघितली तेव्हा मला तरी लई भारी वाटली होती.

डोंबिवलीकर_जेनोस
नको घेऊस. ड्रॅगन बॉल अॅनिमेवरचा फायटिंग गेम आहे, फायटरझी, तो घे, त्याच्या जुन्या डिस्कपण मिळतात.

कोल्हापुरी_केन
आयडिया भारी आहेच, त्यासाठी गेम बनवणाऱ्या स्पाइक चुनसॉफ्टला पूर्ण मार्क. बघा ना, फायटिंग गेम म्हटला की दोन्ही बाजू तुल्यबळ पाहिजेत, आणि इथे मेन हीरोच असा की ज्याला काही लागत नाही आणि जो एका ठोशात विषय संपवतो. दुसऱ्या कोणी सैतामाची ताकद कापून त्याला बाकीच्यांच्या रांगेत बसवला असता. यांनी तसं केलं नाही. तीन जणांची टीम निवडायची, त्यात सैतामा घेतला तर तो सुरुवातीला मैदानात नसतोच, त्याच्या येण्याचं घड्याळ चालू असतं आणि तोवर उरलेल्या दोघांनी काहीही करून टिकायचं. कॉम्बो, म्हणजे सलग ठोशांची साखळी, नीट बसला किंवा अगदी वेळेवर ब्लॉक केला तर तो लवकर पोचतो. पोचला की समोरच्याचं काही चालत नाही, त्याने जीव तोडून मारलेली मूव्ह याच्या अंगावरून जाते आणि याचा चेहरा तसाच मख्ख. समोरच्यानेपण सैतामा घेतला असेल तर मग कोणाचा आधी पोचतो याचीच शर्यत लागते.

आता गडबड कुठे झाली सांगतो. मॅचचा जवळपास सगळा वेळ तुम्ही सैतामा नसतानाच खेळता, आणि नेमका तोच भाग कच्चा राहिलाय. बाकीच्या पात्रांपैकी जेनोस घ्या, सिल्व्हर फँग घ्या, सोनिक घ्या, हाताला फरक फारसा लागत नाही. तीच बटणं आलटून पालटून दाबायची, तोच ठरलेला कॉम्बो, मग ताकदीचा गेज भरला की किलर मूव्ह, म्हणजे खास मोठा वार, आणि परत पहिल्यापासून. ठोसा लागला तरी लागल्यासारखा वाटत नाही हो, आवाज पोकळ, समोरचा हलका मागे सरकतो आणि बास. ज्या अॅनिमेच्या 2015 च्या पहिल्या सीझनमध्ये मॅडहाउस स्टुडिओने एकेक फाइट अशी काढलीय की अंगावर काटा येतो, त्यावरच्या गेममध्ये ठोशाला वजन नसावं याचं मला खरंच वाईट वाटतं. सीझनचा शेवटचा व्हिलन बोरोस, त्याची फाइट आठवा आणि मग गेममधला बोरोस खेळून बघा.

आणि अजून एक, जे मला सगळ्यात जास्त लागलं. मुमेन रायडर विरुद्ध राक्षस डीप सी किंग, पावसातला सीन. सी क्लासचा, म्हणजे हीरोंच्या सगळ्यात खालच्या श्रेणीतला, साधा सायकलवाला हीरो, आपण जिंकणार नाही हे त्याला माहीत आहे, तरी उठून उभा राहतो. सैतामा येईपर्यंत टिकायचं हा गेमचा नियम म्हणजे खरं तर हाच सीन आहे. तो मुमेन रायडर हातात दिल्यावर तुमचे तळहात घामेजले पाहिजेत. पण स्टोरीमध्ये काय होतं, मॉडेल्स एका जागी उभी राहून बोलतात, नुसते ओठ हलतात, एक छोटी फाइट, लोडिंग, परत उभी राहून बोलतात. सीन आहे पण जीव नाही.

नागपूरची_तात्सुमाकी
केनशी बरंचसं सहमत, पण एक बाजू राहिली. स्टोरी मोडमध्ये तुम्ही सैतामा नसताच, स्वतःचा हीरो बनवता आणि सी क्लासमधून चढत चढत सगळ्यात वरच्या एस क्लासपर्यंत जाता. ही कल्पना मला मनापासून आवडली, कारण मूळ लेखक 'वन' याने वेबकॉमिकमध्ये हीरो असोसिएशन, रँकिंग, लोकांची वाहवा यावर जे लिहिलंय ते सगळं यात येतं. कपडे, केस, फायटिंग स्टाइल, मूव्हज सगळं आपण ठरवायचं, सायकिक, म्हणजे मनाच्या ताकदीने लढणारा, घेतला की वेगळा, मशीन घेतला की वेगळा. मी माझ्या हीरोला साडीचोळीच्या जवळ जाईल असे रंग देऊन फिरवला आणि शहरात बाकीच्यांचे अवतार बघत फिरायला मजा यायची.

पण मिशन्स! उद्गारचिन्ह दिसलं की धावत जा, एका माणसाशी बोल, शहराच्या दुसऱ्या टोकाला जा, दुसऱ्याशी बोल, मग मिनिटभराची फाइट, परत पहिल्याकडे. आणि मध्ये मध्ये लोडिंग. रँक वाढवायला हेच करत राहायचं. मॅचमध्ये अचानक उल्का पडतात वगैरे प्रकार आहेत, ते सुरुवातीला छान वाटतात, नंतर ऐन कॉम्बोत आले की चिडचिड होते.

भाऊ दुसऱ्या सीझनमधल्या गारोचा फॅन असेल तर तेपण बघून घे. दुसरा सीझन 2019 मध्ये येऊन गेला होता, गेम आला फेब्रुवारी 2020 मध्ये, तरी मेन स्टोरी पहिल्या सीझनचीच. गारो आणि सुइर्यू नंतर डीएलसीमध्ये, म्हणजे पैसे भरून डाउनलोड करायच्या जादा भागांत, वेगळे विकले. म्हणजे नुसत्या डिस्कवर ते मिळणार नाहीत.

रात्रपाळी_गेमर
बापरे, एवढं सविस्तर, दोघांचे खूप आभार. गारोचं माहीत नव्हतं, भाऊ तेच पहिलं शोधेल. एक सांगा, जम्प फोर्स हा गेमपण स्पाइक चुनसॉफ्टचाच ना? मग फायटरझीमध्ये एवढं काय वेगळं आहे, तोपण अॅनिमेवरचाच गेम की.

कोल्हापुरी_केन
हो, जम्प फोर्स त्यांचाच, फेब्रुवारी 2019 चा, एकाच वर्षाच्या अंतराने दोन्ही गेम. नारुतो, लुफी, गोकू असे वेगवेगळ्या अॅनिमेंचे हीरो एका जागी असूनही लोकांनी त्याला उचलून धरलं नाही आणि 2022 मध्ये तो स्टोअरवरून गेला. पण म्हणून स्टुडिओला येत नाही असं नका म्हणू. ड्रॅगन बॉलची बुडोकाई तेनकाईची सीरिज स्पाइकचीच, पीएस टूवरची, आणि 2024 चा स्पार्किंग झीरोपण स्पाइक चुनसॉफ्टनेच केलाय. तो खेळताना ठोसा काय असतो ते कळतं. म्हणूनच राग येतो, हात असलेल्या लोकांनी हे असं अर्धवट सोडलं.

फायटरझी आर्क सिस्टम वर्क्सचा. ते लोक आधी फायटिंग गेमवाले. मॉडेल्स थ्रीडीच आहेत पण मुद्दाम कमी फ्रेम्समध्ये हलवलेत, त्यामुळे हाताने काढल्यासारखे दिसतात, आणि कित्येक पोझेस तर थेट 'मांगा'मधून, म्हणजे मूळ जपानी कॉमिकमधून उचलल्यात. पण दिसण्याचं सोडा, त्यातलं व्हेजिटा हे पात्र खेळणारा आणि फ्रीझा खेळणारा वेगळा विचार करतो, हे महत्त्वाचं. ओळखीचा चेहरा बघून माणूस गेम घेतो, पण महिनाभराने परत लावायचा तर हातांना काहीतरी शिकायला पाहिजे की नको? वन पंच मॅनमध्ये दुसऱ्या दिवशीच शिकण्यासारखं संपतं.

डोंबिवलीकर_जेनोस
मी वर एका ओळीत उडवलं पण कारण हेच होतं. फायटरझी 2018 चा आहे आणि आमच्या ग्रुपमध्ये अजून खेळतो आम्ही, शनिवारी कोणाच्या तरी घरी जमलो की तोच लागतो.

रात्रपाळी_गेमर
भावाला फायटिंग गेमची सवय नाही, तो मारामारीपेक्षा सैतामासाठीच वेडा आहे. घरात दोघांनी एकत्र खेळायची सोय आहे का यात?

नागपूरची_तात्सुमाकी
आहे, दोन कंट्रोलर पाहिजेत. ऑनलाइनच्या भरवशावर मात्र घेऊ नकोस. असं कर, विकत घेण्याआधी डिस्क दोन दिवस मागून आण. तू डीप सी किंग घे, भावाला मुमेन रायडर, जेनोस आणि सैतामा अशी टीम दे. सैतामा येईपर्यंत भावाला टिकू देऊ नकोस, पूर्ण जोर लावून खेळ. तेवढ्यात त्याला मजा आली तर घेऊन टाक, त्या किमतीला वाईट नाही. नाही आली तर फायटरझी आहेच.