बिलाची पीडीएफ: जुनी लायब्ररी बदलू का?

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीचं बिलिंग सॉफ्टवेअर मी सांभाळतो. पीडीएफ अजून डब्ल्यूकेएचटीएमएलटूपीडीएफ ०.१२.६ या, वेबपानाची पीडीएफ करणाऱ्या जुन्या लायब्ररीवरच निघते. कास्टिंगची यादी लांबली की दुसऱ्या पानावर टेबलचं हेडर पहिल्या ओळीवर चढतं आणि नेमकं वजनच झाकलं जातं. पैसे वजनावर ठरतात, त्यामुळे गाडी गेटवर अडते. ड्रायव्हर ताटकळलेला बघवत नाही. तिच्याजागी वीझीप्रिंट ही दुसरी लायब्ररी घेऊ की हेडलेस क्रोमियम, म्हणजे खिडकी न उघडता चालणारा ब्राउझर?

उत्तर १
भावा, बदलच. शेवटचं रिलीज २०२० चं, २०२३ पासून रिपॉझिटरी (कोडचं कोठार) अर्काइव्ह, म्हणजे काम बंद. आत क्यूटी वेबकिट हे पान रंगवणारं जुनं इंजिन आहे, सीएसएस ग्रिड ही मांडणीची नवी पद्धत त्याला कळतच नाही. तोवर टेबलच्या ओळींना ‘पेज-ब्रेक-इनसाइड: अव्हॉइड’ (ओळ दोन पानांत तोडू नको) लावून बघ.

उत्तर २
बिलाच्या टेम्प्लेटमध्ये जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणारा कोड) आहे का? वीझीप्रिंट ती चालवत नाही. ई-इन्व्हॉइसचा क्यूआर तिच्यातून बनत असेल तर ती जागा कोरी राहील.

प्रश्नकर्ता
क्यूआर सर्व्हरवरच बनतो. मग वीझीप्रिंटच घेतो. अव्हॉइड लावल्यावर आजचं लांब बिल नीट निघालं, लई उपकार!

उत्तर २
सर्व्हरवर नोटो सॅन्स देवनागरी हा फॉन्ट टाक, नाहीतर गिऱ्हाइकाच्या मराठी नावाजागी चौकोन दिसतील. आणि जुनी बिलं नव्यानं काढू नकोस, साठवलेली पीडीएफच दे.