टोकियोत पायांचे तुकडे पडले तेव्हा कुठे टेकलात?

गेल्या एप्रिलमध्ये आईला घेऊन टोकियोला गेले होते. आई ६८ वर्षांची, पण रोज सकाळी शिवाजी पार्कला तीन फेऱ्या मारणारी, त्यामुळे तिच्या चालण्याची मला कधीच काळजी नव्हती. दिवस भरगच्च आखला. सकाळी आसाकुसाचं सेन्सो-जी देऊळ, मग उएनो, दुपारी शिबुया, संध्याकाळी शिंजुकूच्या सरकारी इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून फुकटात सगळं शहर बघायचं आणि जवळच हॉटेल गाठायचं. कागदावर किती छान दिसत होतं!

सेन्सो-जीच्या लाल कंदिलापासून देवळाकडे जाणारी नाकामिसे गल्ली जेमतेम २५० मीटरची. तीच पार करायला आम्हाला अर्धा तास लागला. उएनोला नुसतं चाललो, शिबुयाला त्या प्रसिद्ध चौकात दोनदा रस्ता ओलांडला. शिंजुकूला पोचलो तेव्हा संध्याकाळचे सहा वाजले होते. जगातलं सगळ्यात गर्दीचं स्टेशन म्हणून गिनेसमध्ये त्याची नोंद आहे. दिवसाला लाखो माणसं आणि बाहेर पडायला दोनशेच्या वर दारं. आमचं हॉटेल पश्चिमेला, आणि आम्ही बाहेर पडलो पूर्वेला. परत आत, परत जिने, परत पाट्या.

मी दादरच्या पुलावर वाढलेली मुलगी, गर्दीला बिचकत नाही. पण दादरला धक्का खाता खाता का होईना, कुणीतरी "ताई, वेस्टला ना? इकडून जा" म्हणतं. इथे माणसं न बोलता, एका लयीत पुढे जात असतात आणि त्या प्रवाहात थांबायला कुठे जागाच नसते. आई एका खांबाला धरून उभी राहिली आणि म्हणाली, "मला जरा टेकू दे गं." बाक कुठेच नाही. शेवटी कॉइन लॉकरच्या रांगेच्या कडेला थोडी मोकळी जागा सापडली, तिथे मी ओढणी अंथरली.

तिने बूट काढला. मोजा काढला. पाय सुजून जोडवी बोटात रुतली होती, कडेची कातडी पांढरी पडली होती. दिवसभरात एका शब्दाने बोलली नव्हती. हॉटेलवर गेल्यावर साबण लावून, फिरवत फिरवत ती जोडवी काढली. लग्नानंतर पहिल्यांदा निघाली, म्हणाली. त्या सरकारी इमारतीवर आम्ही गेलोच नाही.

पुढच्या वर्षी तिला पुन्हा न्यायचं आहे, या वेळी नीट. म्हणून विचारतेय. तुमचाही असा एखादा दिवस असेल तर लिहा. काय काय बघितलंत ते थोडक्यात चालेल, पण कुठे बसलात ते सविस्तर सांगा.

* * *

नाशिकहून लिहितेय. आमच्याबरोबर दीड वर्षाची लेक आणि तिची बाबागाडी होती. लिफ्ट सगळीकडे आहेत, पण प्लॅटफॉर्मच्या एका टोकाला लिफ्ट आणि आपल्याला हवं ते दार दुसऱ्या टोकाला, असं हमखास होतं. ओएदो या मेट्रो लाइनचं रोप्पोंगी स्टेशन तर जमिनीखाली ४२ मीटरवर आहे. तिथून वर येईपर्यंत लेक रडून रडून झोपली होती.

टेकलो ते एका मोठ्या डिपार्टमेंट स्टोअरमध्ये. लहान मुलांच्या कपड्यांच्या मजल्यावर आई आणि बाळांसाठी वेगळी खोली असते. लंगोट बदलायला टेबल, दूध पाजायला पडद्याआड खुर्ची, गरम पाण्याचा नळ. काही विकत घ्यायची सक्ती नाही. मी तिथे पाऊण तास बसले. बाळ असेल तर देवळांच्या आधी हे मजले शोधून ठेवा.

* * *

ताई, मी टोकियोतल्या निशी-कासाईला राहतो, आठ वर्षं झाली. इकडे भारतीय कुटुंबं बरीच आहेत आणि दर वसंतात कुणा ना कुणाचे आईवडील आलेले असतात, त्यामुळे तुमच्या आईंसारखे पाय मी खूप पाहिलेत. पहिली गोष्ट म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत घर सोडू नका. आमची तोझाई मेट्रो लाइन त्या वेळी इतकी भरलेली असते की बाहेर पडायच्या आधीच माणूस दमतो.

आता बाबांची गोष्ट. त्यांचे दोन्ही गुडघे दुखतात. सेन्सो-जी बघून झालं आणि ते म्हणाले, "पुरे आता, मला घरी ने." स्टेशनकडे वळण्याआधी मी म्हटलं, दहा मिनिटांवर एक जागा आहे, तेवढी बघू. सुमिदा नदीच्या बाजूला एका छोट्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन नावाचं देऊळ आहे. पायऱ्या बघून बाबांचा चेहरा उतरला. पण शेजारी एक छोटी पाळण्यासारखी गाडी आहे, रुळावरून वर जाणारी, पैसे लागत नाहीत. बटण दाबलं, दार उघडलं, आम्ही दोघं आत बसलो.

वर गेल्यावर त्यांना सांगितलं की इथला देव आपला गणपती आहे. भारतातून चीनमार्गे बौद्ध धर्माबरोबर आला, इथे त्याला कांगीतेन म्हणतात, शोदेन-सामा म्हणतात. मूर्ती कुणाला दाखवत नाहीत, कायम बंद. त्यामुळे सोंड, मोदक असं काही शोधू नका. देवळावर जिकडे तिकडे दोन चिन्हं कोरलेली दिसतात, एकमेकांत गुंतलेले दोन मुळे आणि पैशाची थैली. नैवेद्य मुळ्याचा. पांढरे, मनगटाएवढे जाड मुळे देवापुढे रचलेले असतात.

बाबांनी मुळा दोन्ही हातांत धरला, जसा आपण नारळ धरतो तसा, आणि हळू आवाजात अथर्वशीर्ष म्हणायला सुरुवात केली. पूर्ण म्हटलं. शेजारी एक जपानी आजी हात जोडून उभ्या होत्या, त्या त्यांचं संपेपर्यंत हलल्या नाहीत. मग बाबा तिथे बसले ते तासभर. सेन्सो-जीला जी गर्दी असते तिचा इथे मागमूस नसतो. पर्यटक इकडे का वळत नाहीत हे मला आजवर कळलेलं नाही. ७ जानेवारीला मुळ्यांचा उत्सव असतो, तो दिवस मात्र वेगळा.

* * *

आम्ही शाकाहारी, अंडंही नाही. आमचा दमवणारा दिवस पायांपेक्षा पोटाचा होता. भाजीचं सूप म्हणून जे समोर येतं त्याच्या तळाशी वाळवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. नूडल्सचं पाणी तेच, उकडलेल्या भाजीतही तेच. सकाळी दहा ते दुपारी चार आम्ही केळ्यांवर काढले आणि चारला माझ्या नवऱ्याला चक्कर यायला लागली.

तेव्हापासून दुकानातली ओनिगिरी, म्हणजे समुद्री पानात गुंडाळलेला भाताचा गोळा, आमची सोबतीण आहे. उमेबोशीची (खारवलेलं आंबट फळ) किंवा कोंबूची (समुद्री शेवाळ) बघा, तरी वेष्टनावरची यादी फोनने वाचून घ्या. वेष्टनावर १, २, ३ लिहिलेलं असतं. १ ची पट्टी मधून खाली ओढायची, मग २ आणि ३ ची टोकं दोन बाजूंना. आतलं काळं समुद्री पान भाताला न चिकटता कोरडं राहिलेलं असतं, ते नीट गुंडाळलं जातं आणि दाताखाली पापडासारखं कुरकुरतं. उमेबोशीची चव लोणच्यातल्या मुरलेल्या लिंबाच्या जवळची.

बसून गरम जेवायचं असेल तर टोकियो स्टेशनात टीज तानतान नावाचं रेस्टॉरंट आहे, प्राणिज काहीच नाही. पण ते जेआर रेल्वेच्या तिकीट फाटकाच्या आत आहे, बाहेर पडून शोधाल तर सापडणार नाही. त्या वाडग्यात तिळाचा घट्ट रस्सा होता. आम्ही दोघं काही न बोलता जेवलो.

* * *

मी एकटा गेलो होतो, २६ वर्षांचा आहे, तरी ३१,००० पावलं झाल्यावर पोटऱ्यांत गोळे आले. मेइजी देवळाच्या वाटेवर जाड खडी आहे, ती बुटातूनही टोचते. ते जंगल मात्र बघाच. १९२० मध्ये देऊळ उभं राहिलं तेव्हा देशभरातून लोकांनी पाठवलेली सुमारे एक लाख झाडं तिथे लावली. आज आत गेल्यावर शहराचा आवाज बंद होतो.

मी टेकलो यामानोते लाइनमध्ये, म्हणजे शहरात गोल फिरणाऱ्या लोकलमध्ये. दिवसाचा पास होता. हाराजुकूला चढलो, शिबुयाच्या दिशेने जवळजवळ पूर्ण गोल फिरून योयोगीला उतरलो. पूर्ण चक्कर साडेचौतीस किलोमीटरची, साधारण तास लागतो. भर दुपारी कडेची सीट मिळाली, थंडीत त्या सीटखालून गरम हवा येते. पायांना ती ऊब लागली आणि मी झोपलोच. दमलेल्या माणसासाठी यापेक्षा चांगली जागा मला माहीत नाही.

* * *

वय ७१, कोल्हापूर. आम्ही उभयता एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. एका दिवसात सात ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं, आणि त्यातली दहा स्वच्छतागृहाच्या रांगेत. राजवाड्यासमोरच्या खडीवर सौ. दोनदा अडखळली. गाइडला सांगितलं तर म्हणाला, "काका, वेळापत्रक आहे." पैसे भरलेल्या वयस्क माणसांना असं पळवणं मला अजिबात पटलेलं नाही आणि तसं मी परतल्यावर कंपनीला लिहूनही कळवलं.

उएनोला आम्ही गटाला सांगून टाकलं की तुम्ही जा, आम्ही इथेच थांबतो. शिनोबाझु तळ्याच्या मधोमध बेंतेनदो नावाचं देऊळ आहे, आठ कोनांचं, बेनझाइतेन देवीचं. बेनझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, बहुतेक चित्रांत हातात वीणेऐवजी बिवा नावाचं तंतुवाद्य. जुलै महिना होता. तळ्यात पाणी दिसत नव्हतं, नुसती कमळाची पानं, माणसाच्या खांद्याला लागतील एवढी उंच, आणि मधून मधून गुलाबी फुलं. काठावर बाक आहेत. वारा आला की पानं उलटी होऊन फिकट दिसायची. सौ.ने बूट काढून पाय बाकावर घेतले. दोन तास आम्ही तिथून उठलो नाही. त्या आठ दिवसांत मला जपान दिसलं असेल तर तेवढंच.

* * *

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काल रात्री फोनवर आईला सगळं वाचून दाखवलं. काकांचं तळं ऐकून ती म्हणाली, मग जुलैतच जाऊ. आणि निशी-कासाईच्या दादांना विचारायला सांगितलंय, मुळा बाहेरून घेऊन जायचा की देवळात मिळतो?

* * *

देवळातच मिळतो, ताई. आईंना म्हणावं, येण्याआधी कळवा. मी स्टेशनवर न्यायला येतो.