४-४ म्हणजे कोर्टानं हात झटकले?

निकालवाचक:
काल एकानं लिहिलं, "अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात एक न्यायमूर्ती बाजूला झाल्या, ४-४ झालं, निकालच लागला नाही. नऊ जण फुकटचा पगार खातात." खाली बऱ्याच जणांनी "अगदी बरोबर" म्हणून टाकलं. अहो, निकाल लागलाय!

खटला ओक्लाहोमाचा. सेंट इसिडोर ही कॅथलिक शाळा चार्टर शाळा (सरकारी पैशावर, पण स्वतंत्र व्यवस्थापनाखाली चालणारी शाळा) म्हणून चालवता येईल का, हा प्रश्न होता. राज्याच्या सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. प्रकरण वर गेलं, न्या. बॅरेट बाजूला झाल्या, म्हणजे हा खटला ऐकायला बसल्या नाहीत, उरलेले आठ निम्मे-निम्मे फुटले. २२ मे २०२५ रोजी एका ओळीचा आदेश आला: कोर्ट समसमान विभागलं गेल्यानं खालचा निकाल कायम. शाळा हरली. फक्त या निकालाचा दाखला इतर कोर्टांवर बंधनकारक नाही. उद्या दुसऱ्या राज्यातून हाच प्रश्न आला तर नऊ जण बसून पुन्हा ऐकू शकतात. निकाल नसणं आणि पायंडा न पडणं यांत गल्लत करू नका.

आडवा प्रश्न:
गल्लत नाही, मला उत्तर हवंय. त्या एका ओळीत कुणी कुठं मत दिलं ते नाही, कारणं नाहीत, बॅरेट का बाजूला झाल्या तेही नाही. हरलेल्यानं काय वाचायचं? मुंबई उच्च न्यायालयात केंद्र सरकारविषयीचा ऑनलाइन मजकूर खोटा ठरवणाऱ्या फॅक्ट चेक युनिटच्या नियमावर ३१ जानेवारी २०२४ ला न्या. पटेल आणि न्या. गोखले यांची मतं फुटली, तेव्हा दोघांनीही सविस्तर निकालपत्रं लिहिली. प्रकरण तिसरे न्या. चांदूरकर यांच्याकडे गेलं आणि २० सप्टेंबर २०२४ ला कोंडी सुटली. अमेरिकेत तिसरा का नाही?

निकालवाचक:
कारण तिथं राखीव कुणी नाही. १८६९ पासून नऊच, आणि नऊही एकत्र बसतात, आपल्यासारखी खंडपीठं नाहीत. खालच्या अपील कोर्टात तिघांतला एक गेला तर दुसरा घेता येतो. सुप्रीम कोर्टात निवृत्त न्यायमूर्तींना बोलावण्याचं विधेयक सिनेटर लेही यांनी २०१० मध्ये आणलं होतं, ते तिथंच राहिलं.

आणि ४-४ हे काही टोक नाही. गणपूर्तीला सहा लागतात. मे २०२५ मध्येच बेकर विरुद्ध कोट्स या खटल्यात पाच जण बाजूला झाले. प्रतिवादींत एक मोठा प्रकाशनसमूह होता आणि त्या पाचांतल्या काहींची पुस्तकं त्याच समूहाकडे आहेत. उरले चार. अशा वेळी कायदाच सांगतो की समसमान मतांसारखंच धरून खालचा निकाल कायम करा. तसंच झालं.

तळटीप:
तुम्ही ४-४ वर भांडताय, खरं नुकसान ४-१-४ मध्ये होतं. समसमान निकालानं निदान जुना कायदा जसाच्या तसा राहतो. फुटीर बहुमतानं कायदा काय तेच कळेनासं होतं. रापानोस खटला, २००६. मिशिगनमधली पाणथळ जमीन, केंद्राचा जलप्रदूषण कायदा तिला लागू होतो का? न्या. स्कालियांसह चौघं म्हणाले, कायम वाहत्या पाण्याशी पृष्ठभागावरून सलग जोड हवी. न्या. केनेडी एकटे म्हणाले, मोठ्या जलमार्गाशी लक्षणीय संबंध असला की पुरे. चौघं विरोधात. निकालाला पाच मतं, पण एकाही कारणाला पाच नाहीत. मग खालच्या कोर्टानं कुठलं कारण पाळायचं? तिथं १९७७ च्या मार्क्स नावाच्या खटल्यातला नियम लागतो: बहुमतातलं सर्वांत अरुंद कारण धरा.

खटलेकरी:
बरोबर. अरुंद म्हणजे केनेडी. संपला विषय.

तळटीप:
कसा संपला? मार्क्स नियम कधी चालतो ते आधी पाहा. एक कारण दुसऱ्याच्या पोटात पूर्ण मावलं तरच "अरुंद" या शब्दाला अर्थ आहे. इथं मावत नाही. समजा एक दलदल छोट्या पण बारमाही ओढ्याला चिकटून आहे, मात्र मोठ्या नदीवर तिचा परिणाम नगण्य. स्कालियांच्या कसोटीत ती बसते, केनेडींच्या नाही. दुसरी दलदल बांधानं तुटलेली, पण पुराचं पाणी अडवणारी. ती केनेडींच्या कसोटीत बसते, स्कालियांच्या नाही. आता यांतलं अरुंद कुठलं? काही सर्किटांनी (विभागीय अपील कोर्टांनी) फक्त केनेडी धरले, काहींनी दोन्हींपैकी कुठलीही कसोटी चालेल म्हटलं. एकाच देशात तसाच चिखल एका राज्यात केंद्राच्या परवान्याखाली, दुसऱ्या राज्यात मोकळा. हे १७ वर्षं चाललं. २०२३ मध्ये सॅकेट खटल्यात पाच जणांनी स्कालियांची कसोटी घेतली तेव्हा थांबलं. तिथंही निकाल ९-०, कारणं ५-४.

खटलेकरी:
कोर्टांनी दोन्ही कसोट्या धरल्या हे मान्य. पण दोष मार्क्सचा नाही, स्वतंत्र मत लिहिण्याच्या हौसेचा.

तळटीप:
हौस? केनेडींना स्कालियांची कसोटी चूक वाटत होती. मग खोटी सही करायची होती का?

आडवा प्रश्न:
अहो, विषय कुठं नेऊन ठेवलात! मला विचारायचं होतं, न्यायमूर्ती बाजूला का होतात आणि का होत नाहीत, हे कोण ठरवतं?

हितसंबंध:
ते स्वतःच ठरवतात, आणि माझा राग त्यावरच आहे. न्यायाधीशांनी कधी बाजूला व्हायचं हे सांगणारा केंद्राचा कायदा वाचा, कलम ४५५. पक्षकार कंपनीचा एक शेअर जरी असला तरी बाजूला व्हायचं, रक्कम कितीही असो, आणि पक्षकारांची संमती असली तरी चालत नाही. म्युच्युअल फंड चालतो. खटल्यावर बरंच काम झाल्यावर शेअर सापडला तर तो विकून पुढं बसता येतं. कायदा इतका बारीक, आणि २०२१ मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलनं दाखवलं की १३१ फेडरल न्यायाधीश स्वतःचे शेअर असलेल्या कंपन्यांच्या खटल्यात बसले होते. त्यानंतर २०२२ चा कायदा आला: हजार डॉलरवरचा व्यवहार ४५ दिवसांत कळवा.

खालच्या न्यायाधीशानं नकार दिला तर वरच्या कोर्टात दाद मागता येते. सुप्रीम कोर्टाच्या वर कोण आहे? २००४ मध्ये स्कालिया तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष चेनी यांच्याबरोबर बदकांच्या शिकारीला गेले, चेनींचाच खटला समोर होता, आणि बाजूला व्हायला नकार देणारं २१ पानी टिपण त्यांनी स्वतःच लिहिलं.

निकालवाचक:
निदान लिहिलं तरी. शिवाय ऊठसूट बाजूला व्हायचं म्हटलं तर पक्षकार नको तो न्यायमूर्ती हटवायला अर्ज ठोकत बसतील. न्यायमूर्तींनी बाजूला कधी व्हावं यावरच्या केपर्टन खटल्यात सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी भिन्न मतात ४० प्रश्न मांडले होते ते याच भीतीनं.

हितसंबंध:
केपर्टन तुम्हीच काढलात ते बरं झालं. कोळसा कंपनीविरुद्ध ज्युरीनं ५ कोटी डॉलरचा निकाल दिलेला. कंपनीच्या प्रमुखानं वेस्ट व्हर्जिनियातल्या न्यायमूर्तींच्या निवडणुकीत बेंजामिन निवडून यावेत म्हणून ३० लाख डॉलर ओतले. तेच बेंजामिन अपिलात बसले आणि कंपनी ३-२ नं सुटली. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टानं ५-४ नं म्हटलं, बसायला नको होतं. अशा उघड प्रकरणातही चौघांना शंका! आणि भीती दाखवलेला अर्जांचा पूर कुठं आला?

निकालवाचक:
ठीक आहे, केपर्टनपुरतं तुमचं खरं. पण २०२३ पासून सुप्रीम कोर्टाला आचारसंहिता आहे, नऊही जणांच्या सह्या आहेत.

हितसंबंध:
१३ नोव्हेंबर २०२३ ची. त्यात तक्रार कुणाकडं द्यायची ते कुठंच नाही. १९८० च्या कायद्यानं खालच्या फेडरल न्यायाधीशाविरुद्ध सर्किटच्या मुख्य न्यायाधीशांकडं तक्रार देता येते, चौकशी समिती बसते. तो कायदा या नऊ जणांना लागू नाही. याच कोर्टाच्या न्या. केगन यांनी जुलै २०२४ मध्ये खालच्या न्यायाधीशांची समिती सुचवली होती. उरला महाभियोग, आणि या कोर्टाच्या एकाच न्यायमूर्तीवर तो झाला: सॅम्युएल चेस, १८०४. पुढच्याच वर्षी सिनेटनं त्यांना सोडलं.

आडवा प्रश्न:
निकालवाचक, ४-४ म्हणजे निकाल, हे मी मानतो. पण कारणाचं काय? केगन बाजूला होतात तेव्हा आदेशात कलम क्रमांक आणि "पूर्वीची सरकारी नोकरी" एवढं लिहितात. बॅरेट यांना तेवढं लिहिण्यात काय अडचण होती?

निकालवाचक:
अडचण नव्हती. कायदा सक्ती करत नाही, इतकंच. तेवढी सक्ती आणायला माझी हरकत नाही. तिसरा न्यायमूर्ती मात्र नको.