कॅमकॉर्डर प्रवासाला नेताना आधी काय काय सेट करून ठेवायचं?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, पुढच्या आठवड्यात आई-बाबांना घेऊन फिरायला निघतोय, आधी विमान आणि मग दहा दिवस गाडीने. कॅमकॉर्डर पहिल्यांदाच हातात आलाय, आजवर सगळं मोबाइलवरच केलं. मेनू उघडला की काही सुचतच नाही. घरी काय सेट करू आणि वाटेत काय सांभाळू? बाबांना आता एवढा मोठा प्रवास परत झेपेलसं वाटत नाही, म्हणून हे शूटिंग हुकायला नकोय.

उत्तर १:
आधी तारीख-वेळ नीट लावा, नाहीतर घरी आल्यावर कुठली क्लिप कुठल्या दिवसाची तेच कळत नाही. कार्डवरचं जुनं सगळं कॉम्प्युटरवर घ्या आणि मग कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करा. फोर-के, म्हणजे फुल एचडीच्या चौपट बारकाव्याचं चित्र घेणार असाल तर व्ही३० लिहिलेलं कार्ड घ्या, म्हणजे सेकंदाला किमान ३० एमबी लिहिलं जातं. आणि हिशोब आधीच करा, मेनूतला रेकॉर्डिंगचा दर १०० एमबीपीएस (सेकंदाला १०० मेगाबिट; ८ बिटांचा एक बाइट) असेल तर तासाला ४५ जीबी जातात, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड दीड ताससुद्धा पुरत नाही. फुल एचडी २८ एमबीपीएसला ठेवलं तर तासाला साडेबारा जीबीच्या आसपास, मी तर प्रवासात तेच वापरते. डिजिटल झूम बंद करून टाका, चित्र नुसतं फाटतं.

उत्तर २:
जास्तीच्या बॅटऱ्या चेक-इन बॅगेत टाकू नका, हँडबॅगेतच ठेवा आणि टोकांना चिकटपट्टी लावा. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत मावणाऱ्या विजेचं माप, Wh) सहसा वेगळी परवानगी लागत नाही, कॅमकॉर्डरच्या बॅटऱ्या त्याच्या खूपच खाली असतात. दुसरं म्हणजे एसी गाडीतून दमट हवेत उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरते, ती पुसत बसू नका, बॅग बंदच ठेवून कॅमेरा हळूहळू बाहेरच्या हवेला येऊ द्या.

उत्तर ३:
दादा, सगळ्यात महत्त्वाचं, बटण दाबलं की स्क्रीनवर एसटीबीवाय (STBY, म्हणजे नुसता तयार) जाऊन आरईसी (REC, म्हणजे रेकॉर्डिंग चालू) आलं का ते डोळ्यांनी बघा. माझ्या आजीनं जात्यावरची ओवी म्हटली तेव्हा मी घाईत दोनदा दाबलं, रेकॉर्डिंग तिथंच थांबलं आणि ती म्हणून झाल्यावर खाली ठेवताना परत बटण दाबलं गेलं, कार्डवर नुसती जमीन होती. ती ओवी परत मिळाली नाही. म्हणून सांगतो, आधी दहा सेकंद घ्या, हेडफोन लावून ऐका, मग बोलतं करा. बाहेर वारा असेल तर मेनूत विंड कट, म्हणजे वाऱ्याची घरघर कमी करणारी सोय, चालू करा. दिव्याखाली पट्टे दिसले तर ५० हर्ट्झ वीज असलेल्या ठिकाणी शटरचा वेग (एका फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवा, ६० हर्ट्झला १/६०.

प्रश्नकर्ता:
खूप आभार. आत्ताच बाबांना समोर बसवून घेऊन बघितलं, पंख्याचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा येतोय. बाहेरचा माइक घ्यावा लागेल का?

उत्तर ३:
आधी पंखा बंद करा आणि झूम न करता हातभर अंतरावर जाऊन बसा, माइकचं मग बघू.